कॉम्प्युटर चालू होईना झालाय? दुकानात आणायच्या आधी हे एकदा वाचा

पाऊस लागला की आमच्याकडं एकाच धर्तीचे फोन सुरू होतात, "अण्णा, कॉम्प्युटर चालूच होईना झालाय, घेऊन येऊ काय?" घेऊन या की, दुकान त्याच्यासाठीच आहे. पण "चालू होईना" म्हणजे तीन वेगवेगळी दुखणी असतात आणि आपलं कुठलं हे घरी बसून दोन मिनिटांत कळतं.

बटण दाबल्यावर फॅन नाही, लाईट नाही, काहीच हालचाल नाही, तर करंट आत पोचत नाही. फॅन फिरतोय, लाईट लागलीय पण स्क्रीन काळी, तर बहुतेक रॅम (आतली मेमरी) नाहीतर मॉनिटरची केबल. आणि कंपनीचं नाव येऊन गोल गोल फिरत तिथंच अडकत असेल तर विंडोज किंवा हार्डडिस्क. फोनवर एवढंच सांगितलं तरी आम्हाला निम्मं कळतं.

आता सगळ्यात जास्त वेळ जातो ती चूक सांगतो. लोक नुसता सीपीयूचा डबा उचलून आणतात. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचे एक मामा खताच्या पिशवीत सीपीयू गुंडाळून गाडीवर पुढं ठेवून भर पावसात आले, आम्ही आमची केबल लावली, एका झटक्यात चालू. तासभर चालवून बघितला, काही नाही. मामा घरी गेले, संध्याकाळी फोन, परत बंद. दुसऱ्या दिवशी परत आणला, परत आमच्याकडं चालू. तिसऱ्या वेळी म्हटलं मामा, डबा राहू दे, तुमची पॉवर केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड तेवढा आणा. बोर्ड हातात घेतल्या घेतल्या जळका वास आला, एका सॉकेटचं भोक काळं पडून प्लास्टिक वितळलं होतं आणि पिन आत ढिली हालत होती. बोर्ड बदलला, काम झालं. म्हणजे तीन दिवस, तीन फेऱ्या आणि पेट्रोल, सगळं एका बोर्डापायी.

म्हणून काहीच चालू होत नसेल तर पहिल्यांदा यूपीएस आणि बोर्ड दोन्ही बाजूला ठेवा, केबल सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा, आणि त्या सॉकेटला मोबाईलचा चार्जर चालतोय का ते आधी बघा. डब्याच्या मागं केबल जिथं घुसते तिथं बारका स्विच असतो, झाडताना तो कुणाच्या तरी हातानं बंद झालेला असतो, दर महिन्याला असा एकतरी सीपीयू आमच्याकडं येतोच. यूपीएसमधनं चालत नाही पण भिंतीवरनं चालतोय तर दोष यूपीएसचा. घरगुती यूपीएसमधली 12 व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, वडगाव-शहापूरसारख्या यंत्रमागांच्या भागात व्होल्टेज खालीवर होतं तिथं कधी कधी आधीच. नुसती बॅटरी बदलून मिळते, अख्खा यूपीएस नवा घ्यायची गरज नसते आणि आम्ही तसं स्पष्ट सांगतो.

फॅन फिरतोय पण स्क्रीन काळी असेल तर मॉनिटरची केबल मागं कुठं लावलीय ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या सीपीयूला दोन जागी सारखीच भोकं असतात, केबल खालच्या आडव्या कार्डाला लावायची, वरच्या मेन बोर्डाला (मदरबोर्डला) लावली तर बऱ्याच वेळा काहीच दिसत नाही. तेही बरोबर असेल तर रॅम. आपल्याकडच्या पावसात चार महिने हवा ओली, रॅमच्या सोनेरी पट्टीवर बारीक थर बसतो. हात चालत असेल तर घरी करून बघा, पण आधी भिंतीतनं केबल काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. रॅम काढून तिची पट्टी पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, कोरडी झटका, परत बसवा, दोन्ही बाजूला टक् आवाज आला पाहिजे. पाणी, रॉकेल, अत्तर असलं काही लावू नका.

बीप वाजत असेल तर किती वाजला ते मोजत बसू नका, त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. बटण दाबल्यापासनं आवाजासकट मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवा, आम्ही बघून सांगतो, त्याचे पैसे नाहीत.

एसएमपीएस, म्हणजे डब्यातला करंट पुरवणारा सप्लाय, मात्र कुणीही उघडू नका. करंट काढून ठेवला तरी त्याच्या आतल्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट, कधी त्याहून जास्तही चार्ज राहू शकतो. पावसात ऊब शोधत पाल आत शिरते आणि पूर्ण सप्लाय उडवते, असे आम्ही बरेच बदललेत, पण तो उघडून साफ करायची वस्तू नव्हे.

विंडोजवर अडकत असेल तर हात जोडून सांगतो, शेजारच्या पोराकडनं लगेच फॉरमॅट मारून घेऊ नका. एका काकूंचे मुलीच्या बारशापासनंचे सगळे फोटो असेच गेले, आम्ही चार दिवस खटपट केली, थोडेच परत आले. अडकलेल्या विंडोजमधला डेटा बहुतेक वेळा जशाचा तसा असतो, हार्डडिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की कॉपी करता येतो. म्हणून आमच्याकडं आधी डेटा काढतो, तुम्हाला दाखवतो, मगच विंडोजला हात लावतो. ह्याला एक दिवस जादा लागतो, त्यावरनं काहीजण रागावतात, पण हा नियम आम्ही मोडणार नाही. विंडोज 11 असेल तर येताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा मेल आणि पासवर्ड माहीत असू दे, डिस्क लॉक असली तर 48 आकड्यांची की मागतो आणि ती बहुतेक वेळा त्या अकाउंटमध्ये मिळते, त्या कीशिवाय आम्हीच काय, कुणालाच डेटा काढता येत नाही.

चेकिंगचे पैसे का घेता, नुसती रॅम तर पुसली, असंही विचारतात. पुसायला दोन मिनिटं लागतात हे खरं, पण दोष रॅमचाच आहे हे ठरवायला सप्लाय, मदरबोर्ड, डिस्क सगळं आमच्या चांगल्या पार्टवर लावून बघावं लागतं. पुढचं काम आमच्याकडं केलं तर चेकिंग बिलात वजा होतं. हार्डडिस्क जुनी असेल तर त्याच वेळी एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाकून घ्या, जुना डेटा आणि सेटिंग तसंच उचलून देतो, चार-पाच वर्षांचा कॉम्प्युटर पण नव्यासारखा पळतो.

आणताना डब्याबरोबर पॉवर केबल आणि मॉनिटरची केबल आणाच, यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्डावर शंका असेल तर तेही. माउस, कीबोर्ड नको. आणि पावसातनं आणलेला सीपीयू आल्या आल्या आम्ही चालू करत नाही, तासभर पंख्याखाली उघडा ठेवतो, तेवढा वेळ हातात ठेवून या.