करवंदीचे कुंपण

करवंदीचे कुंपण म्हणजे शेताच्या किंवा परसबागेच्या कडेने करवंदी दाट लावून वाढवलेली जिवंत कुपाटी. करवंदी (कॅरिसा करंडास) हे कण्हेरीच्या कुळातले सदाहरित झुडूप. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. काटे जोडीने येतात आणि पुष्कळदा टोकाशी दुभंगतात. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा या डोंगराळ तालुक्यांत तिच्या जाळ्या रानोमाळ आहेत. तिचे खरे मोल कळते ते माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेतल्या भागात. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, माणदेशात त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. करवंदी दोन्हीकडे जगते. मुरमाड माळ तिला चालतो, पाणी साचणारी जमीन चालत नाही.

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मांडलेल्या पर्माकल्चरमध्ये, म्हणजे निसर्गाच्या रीतीने बाग-शेती आखण्याच्या पद्धतीत, बागेतल्या प्रत्येक घटकाकडून एकाहून अधिक कामे घेतली जातात. करवंदी गुरे अडवते, बांधाची माती धरते, बुलबुलांना खाऊ व आसरा देते. बुलबुलांच्या विष्ठेतून पडलेले बी जाळीतच रुजते आणि शेळीच्या तोंडापासून वाचते. रानातली कित्येक झाडे अशीच वर येतात.

बी मात्र साठवून ठेवण्याजोगे नाही, उगवणशक्ती झपाट्याने घटते. मे-जूनमध्ये पिकलेल्या फळातले बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशवीत लावावे आणि वर्षभराचे रोप पुढच्या पावसाच्या तोंडावर बांधावर न्यावे. कुंपणासाठी दोन-तीन फुटांवर एक रोप पुरे. वाढ संथ असते. पहिली दोन-तीन वर्षे शेळ्या कोवळे शेंडे खुडतात म्हणून बाहेरून बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्या रचाव्या लागतात. काटेरी झाडालाही आधी काट्यांचेच कुंपण! पायवाटेच्या अंगाला मात्र ती लावू नये.

खरी अडचण छाटणीची. कुंपण दाट हवे तर शेंडे कापावे लागतात आणि करवंदीचा पांढरा, सुवासिक फुलोरा येतो तो फांदीच्या टोकालाच. हिवाळ्यात कात्री चालवली की कुंपण देखणे होते, पण त्या साली करवंदे विसरायची. फळे उतरल्यावर, पावसाच्या सुरुवातीला छाटणे बरे. त्याहून बरे म्हणजे रस्त्याकडची बाजू तेवढी कापून आतली मोकळी सोडणे. निव्वळ फळासाठी झाडे सहा फुटांहून दूर लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात त्यासाठी आहे.

कच्च्या करवंदांचे लोणचे व चटणी करतात. त्यांत पेक्टिन भरपूर असल्याने जेली सहज धरते. पिकलेली पानांच्या द्रोणात ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून विकली जातात. पोरे आधी फळ फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळतात: गर लाल निघाला तर कोंबडा, पांढुरका निघाला तर कोंबडी. बेकरीतल्या केकवरची लालभडक ‘चेरी’ही पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते.