चित्र वाटेत कुठं अडलं?

गेल्या मे महिन्यात माझी पुतणी विश्रामबागेतून लॅपटॉप घेऊन घरी आली. स्क्रीनच्या उजव्या भागात हिरव्या-जांभळ्या उभ्या रेघा, आणि मधूनच सगळं चित्र थरथरायचं.

"काका, दुकानात दाखवलं. मदरबोर्ड गेलाय म्हणाले. १२ हजार लागतील."

"उघडून बघितला का त्यांनी?"

"नाही, नुसता चालू करून बघितला."

परीक्षा तोंडावर, आणि १२ हजार म्हणजे घरात दोनदा विचार करायची रक्कम. म्हटलं, थांब, आधी पाटाच्या कडेनं चालून बघू.

म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेताला आलं नाही, तर शेतकरी पाटाच्या कडेनं उलटा चालत येतो. पाणी दिसायला लागलं की थांबतो, कारण दोष त्याच्या पुढच्या टप्प्यात असतो. लॅपटॉपमधलं चित्रसुद्धा असंच टप्प्याटप्प्यानं आपल्यापर्यंत येतं. ग्राफिक्स चिप हिशेब करून चित्र मेमरीत मांडते. त्या जागेला फ्रेम बफर म्हणतात. तिथून ते डिस्प्ले केबलनं बिजागरीतून वर चढतं. पॅनलच्या कडेच्या सर्किटमधून ओळी-रकान्यांत वाटलं जातं, आणि मागच्या बॅकलाइटमुळं आपल्याला दिसतं.

या पाटातून वाहतं किती? फुल एचडी स्क्रीनवर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट, आणि सेकंदाला ६० वेळा नवं चित्र. गुणाकार केला तर सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट होतात. ही सगळी वाहतूक केसासारख्या बारीक तारांमधून चालते, आणि झाकण उघडताना-मिटताना दर वेळी त्या तारा वाकतात.

पुतणीला म्हटलं, स्क्रीनशॉट काढ आणि फोनवर पाठव. फोनवर चित्र अगदी स्वच्छ होतं, एकही रेघ नाही. या साध्या चाचणीवर माझा फार जीव आहे. स्क्रीनशॉट फ्रेम बफरमधून उचलला जातो, त्यामुळं त्याच्या पुढे घडलेला बिघाड त्यात उतरत नाही. तो फोनवरच बघायचा, कारण लॅपटॉपवर उघडला तर त्याच रेघा त्याच्यावरही दिसणार. मग एचडीएमआय केबलनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. तिथंही चित्र नितळ. म्हणजे चिप बहुधा ठीक होती. बहुधा अशासाठी, की दोन ग्राफिक्स चिप असलेल्या काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक एका चिपला आणि आतली स्क्रीन दुसऱ्या चिपला जोडलेली असते.

शेवटी झाकण हळूहळू मागेपुढे करायला सांगितलं. अर्धवट मिटलं की रेघा गायब, मागे रेलवलं की परत हजर. दोन-तीनदा तिनं स्वतः करून बघितलं आणि म्हणाली, "काका, हे तर बिजागरीतच आहे!"

झाकणाच्या हालचालीनं बदलणाऱ्या रेघा केबलकडं बोट दाखवतात. पण एकच बारीक, सरळ, वरपासून खालपर्यंत न हलणारी रेघ असेल तर गोष्ट वेगळी. ठिपक्यांच्या एका रकान्याला वीज पोहोचवणारा पॅनलच्या कडेचा जोड तिथं सुटलेला असतो, आणि बहुतेक वेळा पॅनलच बदलावं लागतं.

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च तिरपा स्क्रीनवर मारा. अंधुक का होईना, आयकॉन किंवा अक्षरं दिसली तर चित्र शेवटपर्यंत आलंय, फक्त बॅकलाइट बंद आहे. एलसीडीतल्या द्रव स्फटिकांना स्वतःचा उजेड नसतो. ते मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. असा पदार्थ पहिल्यांदा लक्षात आला तो १८८८ मध्ये, फ्रीडरिश रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. त्याच्या नमुन्याला दोन वितळबिंदू निघाले: १४५.५ अंशांना गढूळ द्रव आणि १७८.५ अंशांना स्वच्छ. त्या मधल्या गढूळ अवस्थेवर आजच्या एलसीडी उभ्या आहेत. ओएलईडी प्रकारच्या स्क्रीनमध्ये मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, तिथं टॉर्चचा उपयोग नाही.

कधी कधी काहीच बिघडलेलं नसतं. कॉलेजात प्रोजेक्टरला जोडताना 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडलेलं तसंच राहतं. विंडोज आणि पी ही बटणं दाबून ते बदलता येतं. चित्र गोठलं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, नव्यानं सुरू होतो, स्क्रीन क्षणभर मिटून परत येते. विंडोज हे काम आपणहूनही करतं: चिपनं २ सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर ड्रायव्हर परत सुरू करतं. ड्रायव्हर परत सुरू झाल्याचा संदेश वारंवार येत असेल आणि नुकतंच अपडेट झालं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत आणावा. ड्रायव्हर दोषी आहे की नाही हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, शिरून कळतं. विंडोजचा ड्रायव्हर तिथं अजून कामावर आलेलाच नसतो. बायोसच्या साध्या पानावरही रेघा असतील, तर ड्रायव्हर बदलण्यात वेळ घालवू नका.

रंगीत चौकोन, विटकरीसारखे तुकडे आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही स्क्रीनवर दिसत असतील आणि तेही तापल्यावर, तेव्हा मात्र चिपवर किंवा तिच्या मेमरीवर संशय घ्यायचा. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबाला ठेवलेला एक लॅपटॉप मी उघडला होता. पंख्यापुढच्या जाळीवर पिवळसर लोकरीसारखा थर, नखानं उचलला तर सबंध पट्टीच निघाली. वारा जायला जागाच नव्हती. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप, नवी लावली, आणि चौकोन गेले. पण वर्षानुवर्षं तापून-निवून चिपखालचे बारीक जोड एकदा तडकले, की हीट गन मारून केलेली दुरुस्ती काही आठवडे किंवा महिने टिकते आणि दोष परत येतो. त्यासाठी हजारो रुपये देऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पुतणीच्या लॅपटॉपची कडेची पट्टी आम्ही दुकानातच, समोर बसून काढायला लावली. दुकान दुसरं. आधी बॅटरीचा जोड काढला. बॅकलाइटची वीज याच केबलमधून जाते. चालू असताना केबल ओढली आणि तारा एकमेकींना टेकल्या, तर बोर्डावरचा फ्यूज उडतो. बिजागरीच्या वळणावर केबलचं काळं आवरण फाटलं होतं, आणि आत दोन तारा तुटून तांब्याची टोकं चमकत होती.

नवी केबल मागवताना नुसत्या मॉडेलच्या नावावर भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये ३० पिनांची आणि ४० पिनांची अशा दोन्ही केबली निघतात, म्हणून जुनीवर चिकटवलेला पार्ट नंबर द्यावा लागतो. तिची ३० पिनांची होती. मजुरी धरून १,४०० रुपये झाले.