घोळणा फुटला की कांदा नको, घड्याळ काढा

एप्रिल लागला, शाळा सकाळच्या झाल्या, की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज न चुकता फिरू लागतो. नाकातून रक्त आलं तर ताबडतोब कांदा फोडून हुंगवा, डोकं मागे करा, वरून थंड पाणी ओता, आणि हे दहा जणांना पाठवा. यंदा तो शिक्षकांच्या ग्रुपवरही आला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, म्हणून हा लेख.

मैदानावर हेच होताना कुणीही पाहिलं असेल. कबड्डीत चढाईला आलेल्या पोराच्या नाकावर कुणाचं तरी कोपर बसतं, बनियनवर लाल थेंब पडतात आणि पी.टी.चे सर पोहोचायच्या आत आरोळी उठते, "कांदा लई ये रे!" एक जण हनुवटी धरून त्याचं तोंड आभाळाकडे करतो, दुसरा पाण्याची बाटली डोक्यावर रिकामी करतो. कांद्याने आणि वर केलेल्या मानेने नुकसान होतं. पाण्याने फक्त बनियन भिजतं.

रक्त येतं कुठून, ते आधी पाहू. दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा असतो, त्याच्या पुढच्या-खालच्या भागात, बोटाचं टोक सहज पोहोचेल अशा जागी, चार-पाच धमन्यांच्या बारीक फांद्या एकमेकींत मिसळतात. अमेरिकन शल्यविशारद लिटल यांनी १८७९ मध्ये आणि जर्मन वैद्य कीसेलबाख यांनी १८८४ मध्ये या जागेकडे लक्ष वेधलं. आजही ती त्यांच्याच नावांनी ओळखली जाते. मुलांचा घोळणा बहुतेक वेळा इथूनच फुटतो. वरची त्वचा अगदी पातळ, आणि तिच्या खाली मऊ मांस नाही, थेट कूर्चा (हाडापेक्षा लवचीक असा कडक भाग). म्हणजे रक्तवाहिनीला अंग चोरायलाही जागा नाही.

आता 'उष्णता' या लाडक्या कारणाकडे येऊ. पोराने आंबे खाल्ले, गूळ खाल्ला, म्हणून अंगातली उष्णता नाकावाटे बाहेर पडली. वाहू द्या, खराब रक्त निघून जातंय, असं सांगणारे अजून घरोघरी आहेत. पण गणित करून बघा. फुप्फुसात पोहोचेपर्यंत हवा ३७ अंशांची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली व्हावी लागते. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ४४ ग्रॅम पाणी असतं. एप्रिलच्या दुपारी ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर बाहेरच्या घनमीटरभर हवेत पाणी असतं साडेआठ ग्रॅमच्या आसपास. उरलेलं ३५ ग्रॅम पाणी श्वासमार्गाने, त्यातही मुख्यतः नाकाने, पुरवायचं. मोठा माणूस दिवसभरात साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे साडेतीनशे ग्रॅम पाणी! उच्छ्वासात त्यातलं थोडं नाक परत मिळवतं, पण बाकीचं गेलंच.

गंमत अशी की जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटे हवा बाष्पाने काठोकाठ भरलेली असली, तरी घनमीटरमागे साडेनऊ ग्रॅमच्या वर पाणी तिच्यात मावतच नाही. नाकाच्या दृष्टीने खान्देशातली थंडीची पहाट आणि उन्हाळ्याची दुपार जवळजवळ सारखीच कोरडी. म्हणून तर थंडीतही मुलांचे घोळणे फुटतात, आणि तेव्हा कुणी आंबे खाल्लेले नसतात. पडदा कोरडा पडतो, खपली धरते, खाज सुटते, बोट जातं आणि नख लागतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. रक्त थांबतं कसं?

रक्तवाहिनी फाटली की तिच्या भिंतीतला कोलॅजन हा धाग्यासारखा पदार्थ उघडा पडतो. रक्तात एक लांबलचक प्रथिन स्वतःभोवती गुंडाळी होऊन फिरत असतं, फॉन विलेब्रांड फॅक्टर. ते या कोलॅजनला चिकटतं, आणि वाहत्या रक्ताच्या ओढीने त्याची गुंडाळी उलगडते. उलगडल्यावरच प्लेटलेटांना पकडणाऱ्या त्याच्यावरच्या जागा मोकळ्या होतात. प्रवाह जितका वेगवान, तितकी ओढ जास्त, तितकी पकड चांगली. जिथे वाहून जाण्याचा धोका सर्वात मोठा, तिथेच हे प्रथिन जास्त कामाला येतं. मला ही रक्तातली सगळ्यात हुशार रचना वाटते.

प्लेटलेट म्हणजे दोन-तीन मायक्रॉनच्या चकत्या. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. चिकटलेली प्लेटलेट आकार बदलते, तिला पाय फुटतात, ती एडीपी आणि थ्रॉम्बॉक्सेन ही रसायनं सोडून शेजारणींना बोलावते. काही मिनिटांत एक कच्चा बूच बसतो. ॲस्पिरिन नेमकी थ्रॉम्बॉक्सेनची ही हाक बंद करते, आणि तेही त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी, म्हणजे आठ-दहा दिवस. (मुलांना ॲस्पिरिन एरवीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायची नसते.)

पण कच्चा बूच टिकत नाही. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात, आणि बहुतेकांना क्रमांक आहेत. जखमेच्या पेशींवरचा टिश्यू फॅक्टर रक्तातल्या सातव्या फॅक्टरला गाठतो, ती जोडी दहाव्याला जागं करते, आणि दहाव्यामुळे थ्रॉम्बिन तयार होतं, अगदी चिमूटभर. हे चिमूटभर थ्रॉम्बिन उलट फिरून पाचव्या, आठव्या आणि अकराव्या फॅक्टरांना जागं करतं. मग प्लेटलेटांच्याच पृष्ठभागावर, कॅल्शियमच्या मदतीने, थ्रॉम्बिनचा एकदम लोंढा येतो. ते फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे बारीक तुकडे छाटतं. उरलेलं फायब्रिन आपोआप एकमेकांना जुळून त्याचे धागे होतात, आणि तेरावा फॅक्टर त्या धाग्यांना आडवे टाके घालतो. हे आकडे कुणाला पाठ करायचे नाहीत. लक्षात एवढंच ठेवायचं की प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो, आणि सगळा कारभार जखमेच्या तोंडाशी चालतो. रक्त जोरात वाहत असेल, तर तयार झालेलं थ्रॉम्बिनही त्याच्याबरोबर निघून जातं. पाटाला जोराचं पाणी असताना दारं बांधायला गेलं की टाकलेली माती वाहून जाते; आधी वरून पाणी कमी करावं लागतं. नाक दाबायचं ते यासाठी.

पोराला बसवा, मान किंचित पुढे झुकवा. अंगठा आणि तर्जनीने नाकाचा पुढचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत घट्ट धरा. वरच्या हाडावर दाबून काही होत नाही, फुटलेली जागा तिथे नाहीच. श्वास तोंडाने घ्यायचा, तोंडात आलेलं रक्त थुंकायचं. आणि घड्याळ लावून सलग दहा मिनिटं धरायचं. दर मिनिटाला सोडून 'थांबलं का रे?' बघितलं, तर कच्चा बूच दर वेळी उखडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दहा मिनिटांनी वाहत असेल तर आणखी दहा मिनिटं. याला प्रथमोपचाराची पेटी लागत नाही. ते बरंच आहे, कारण पुष्कळ शाळांत पेटी कपाटात, कपाट ऑफिसात आणि ऑफिसला कुलूप असतं.

मान मागे केली की रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. ते घशातून पोटात जातं, मळमळतं, उलटीत रक्त दिसतं आणि घरचे दुप्पट घाबरतात. बेशुद्धीकडे झुकणाऱ्या मुलात तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं. कांद्याच्या वाफेने नाक चुरचुरतं, शिंक येते, आणि एका शिंकेत बूच बाहेर. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, म्हणून शेतातला किंवा गादीतला बोळा नाकात कोंबतात. त्याचे तंतू गाठीत गुंततात आणि बोळा ओढला की गाठही ओढली जाते.

रक्त थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरायचं नाही, बोट घालायचं नाही, त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. खपली ओली राहावी म्हणून पेट्रोलियम जेलीचं बोट नाकपुडीच्या आतून हलकं फिरवलं तरी पुरतं. तेल-तुपाची धार नाकात सोडू नये, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

मार लागून रक्त आलं असेल तर आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. पोरगं गुंगतंय, पुन्हा पुन्हा ओकतंय, किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ द्राव गळतोय, तर तो मेंदूभोवतीचा द्राव असू शकतो. अशा वेळी नाक दाबत बसू नका, १०८ लावा. दुसरी गोष्ट फसवी. रक्त थांबलं, पण काही तासांनी दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, दुखणं वाढलं आणि आत पडद्यावर मऊ लालसर फुगवटा दिसला, तर रक्त पडद्याच्या आवरणाखाली साचलंय. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती आवरणावर जगते. आवरण सुटलं की काही दिवसांत कूर्चा मरते आणि नाकाचा मधला भाग खचतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाने ते रक्त वेळेत काढून टाकलं तर नाक वाचतं. 'सूज आहे, शेक द्या' म्हणत आठवडा काढला तर नाही.

मार लागलेला नसताना वीस-तीस मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबत नसेल, किंवा पावसाळ्यानंतरच्या तापात घोळणा फुटला असेल, तर दवाखाना गाठायचा. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, आणि पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दोन दिवस घालवणं हा जुगार आहे.

एखाद्या मुलाचा घोळणा वारंवार फुटतो, जरा कुठे आपटलं की काळंनिळं पडतं, दात पाडल्यावर रक्त बराच वेळ थांबत नाही, आईला पाळीत फार रक्त जातं, अशी घरात साखळी दिसली तर मघाचं ते गुंडाळीचं प्रथिन जन्मतः कमी किंवा सदोष असू शकतं, याची आठवण ठेवावी. एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबात हा आजार नोंदवला. त्या माणसांच्या प्लेटलेट मोजायला पुरेशा होत्या, तरी रक्त थांबत नव्हतं. आजही नेहमीच्या रक्ततपासणीत अशा मुलाचा प्लेटलेटांचा आकडा नॉर्मल येतो आणि आईबाप निर्धास्त घरी जातात. या प्रथिनाची चाचणी वेगळी असते. ती लिहून द्याल का, असं डॉक्टरांना आपणहून विचारायला हरकत नाही.