हिपॅटायटिस सी आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे प्रतिरक्षादमन

प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने परके मानून नाकारू नये, यासाठी रुग्णाला रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. त्याला हिपॅटायटिस सीचा, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचा, संसर्ग असेल, तर ही औषधे देताना यकृत, विषाणू आणि नवे मूत्रपिंड या तिन्हींवर नजर ठेवावी लागते. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. पूर्वी तपासणीविना चढवलेले रक्त आणि डायलिसिस केंद्रांतील संसर्ग यांमुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो.

केवळ विषाणू आहे म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट किंवा स्टिरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वर्ज्य ठरत नाहीत. मात्र टॅक्रोलिमस, स्टिरॉइड आणि खुद्द विषाणू या तिघांमुळेही मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून रक्तातील साखर वरचेवर तपासतात. लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर ती अवयव नाकारला जात असल्याची खूण असू शकते किंवा विषाणूमुळे झालेल्या मूत्रपिंडदाहाचीही. अशा वेळी बायोप्सीशिवाय, म्हणजे मूत्रपिंडाचा लहानसा तुकडा तपासल्याशिवाय, प्रतिकारशक्ती दाबणारे औषध वाढवणे धोक्याचे असते.

पूर्वी इंटरफेरॉन हाच उपाय होता. तो प्रतिकारशक्तीला चेतवत असल्याने नवे मूत्रपिंडच गमावण्याची भीती असे. २०१३ मध्ये सोफोसबुविर हे विषाणूविरोधी औषध आले आणि चित्र पालटले. आता विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळ्यांनी, बहुधा १२ आठवड्यांत, ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणुमुक्त होतात. गोळ्यांची निवड मात्र चालू औषधे पाहूनच करावी लागते. एल्बासविर-ग्रॅझोप्रेविर या गोळ्या सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधासोबत देत नाहीत, आणि रिटोनाविर असलेल्या उपचारात टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी भलतीच चढते.

सर्वाधिक दक्षता हवी ती विषाणू नाहीसा होत असताना. आजारी यकृत टॅक्रोलिमसचे विघटन संथपणे करते, त्यामुळे कमी मात्राही पुरते. विषाणू गेला की यकृत सावरते, औषध लवकर संपवू लागते आणि तीच मात्रा अपुरी पडते. रुग्णाला तर बरे वाटत असते. पातळी घसरल्याचे लक्षात आले नाही, तर अवयव नाकारला जाण्याचा धोका उभा राहतो. म्हणून उपचार चालू असताना आणि संपल्यावरही काही काळ ही पातळी व मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिअ‍ॅटिनिन वारंवार तपासतात. पातळीसाठी रक्ताचा नमुना सकाळची टॅक्रोलिमसची गोळी घेण्याआधी, म्हणजे आदल्या रात्रीच्या मात्रेनंतर सुमारे १२ तासांनी घ्यायचा असतो. गोळी आधी घेतली, तर आकडा फसवा, जास्त येतो आणि गरज असूनही मात्रा वाढवली जात नाही. ही सूचना रुग्णाला दर वेळी स्पष्ट सांगायला हवी.

उपचार सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची चाचणी आवश्यक असते, कारण सी विषाणू हटताच सुप्त बी विषाणू उसळू शकतो. सिरोसिस, म्हणजे यकृत कायमचे घट्ट व व्रणमय होणे, आधीच झाला असेल, तर विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगासाठी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवतात.