पैसे देणाऱ्याला तुमचं मत कळतं का?

गोव्यात पेडणे तालुका असो वा सत्तरी, निवडणूक आली की वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘पाकीट घेतलंय, आता दुसरीकडे बटण दाबलं तर त्यांना कळणार.’

कळत नाही. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे एक चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. तुमचं नाव नसतं. मग ती कापली जाऊन बंद पेटीत पडते. गोव्याला हे नवं नाही, २०१७च्या विधानसभेला चाळीसही मतदारसंघांत ही यंत्रं होती.

मग ही अफवा टिकते कशी? कारण तिच्यात चिमूटभर खरं आहे. मोजणी केंद्रनिहाय होते. अमुक शाळेतल्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली, हे उघड असतं. आपल्याकडे मतदारसंघ लहान, केंद्रं त्याहून लहान. त्यामुळे ‘तुमच्या वाड्याने दगा दिला’ असं म्हणायला आकडा मिळतो, आणि रस्ता, नळ अडवायची धमकीही त्यावरच चालते. पण वाड्यातलं नेमकं कोण, हे त्या आकड्यातून निघत नाही. दलाल मात्र ते माहीत असल्याच्या थाटात बोलतो. त्याचा धंदाच त्या थाटावर चालतो.

देवासमोर नारळावर हात ठेवून घेतलेल्या शपथेचं काय, असं एका मावशीनं विचारलं. कायद्यात अशा शपथेला काही किंमत नाही. उलट मतासाठी पैसे देणं जसा गुन्हा, तसंच घेणंही. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे पाकीट वाटणारा सांगत नाही.