पुण्यात कचरा दारातच का वेगळा होऊ लागला

पुणे महापालिका १९८१ पासून उरुळी देवाचीला कचरा टाकू लागली. पुढे शेजारच्या फुरसुंगीची जमीनही त्यात आली आणि डेपो १६३ एकरांवर पसरला. कोथरूडचा जुना डेपो वस्तीने वेढला गेल्यावर बंद झाला (तिथे आता मेट्रोच्या गाड्यांचा डेपो आहे) आणि शहराचा जवळजवळ सगळा भार या दोन गावांवर पडला. पद्धत सरधोपट होती. चौकात लोखंडी कंटेनर, घरातलं जे काही असेल ते त्यात, तिथून गाडीने रॅम्पवर, म्हणजे कचरा मोठ्या गाडीत भरायच्या ठिकाणी, आणि रॅम्पवरून मोठ्या ट्रकने डेपोत. वर्गीकरण नावाची पायरी या वाटेवर अधिकृतपणे कुठेच नव्हती.

प्रत्यक्षात ती होती. कंटेनरमध्ये वाकून कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, बाटल्या उचलणाऱ्या बायका रोज पहाटे ते काम करत होत्या. त्यातल्या बहुसंख्य दलित समाजातल्या, कितीतरी जणींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. कोणता माल कुठल्या भंगारवाल्याकडे जातो, कशाला काय भाव येतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. अडचण एकच: कंटेनरमधला कागद आमटी-भातात भिजलेला निघायचा, आणि भिजलेल्या कागदाला भाव पडतो किंवा तो कुणी घेतच नाही. हाच कागद घरातून कोरडा मिळाला तर त्याच मेहनतीत मिळकत वाढते.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्यांसोबत काम सुरू केलं, तेव्हा हेच पुढे आलं. काही महिलांना ओळखपत्रं देऊन घरातून वेगळा केलेला सुका माल गोळा करायची सोय झाली. ते बसतंय असं दिसताच एका खाजगी व्यावसायिकाने त्याच भागात गाडीतून कचरा उचलण्याची सेवा देऊ केली. म्हणजे जो माल या बायकांचं पोट होता, तोच हातचा जाणार. त्या विरोधातून १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ते कार्ड हातात असलं की कुणी चोर म्हणून अडवलं तर दाखवायला काहीतरी होतं. पुढचं सगळं या मान्यतेवर उभं आहे, म्हणून तिचं मोल फार मोठं.

देशपातळीवर याच काळात हालचाल सुरू झाली. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि शहरांच्या स्वच्छतेचा प्रश्न ऐरणीवर आला. १९९६ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, न्यायालयाने नेमलेल्या समितीचा अहवाल १९९९ मध्ये आला आणि २००० साली महापालिका घनकचरा नियम लागू झाले. घरोघरी संकलन आणि स्रोतावर, म्हणजे घरातच, वर्गीकरण ही आता नियमातली बाब झाली. बहुतेक शहरांनी यासाठी ठेकेदार शोधले. पुण्याकडे काम जाणणारी माणसं आधीपासून होती.

२००५ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर घरोघरी संकलन सुरू झालं आणि त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. रचना अशी: दोघींच्या जोडीकडे साधारण तीनशे घरं आणि एक ढकलगाडी. ओला कचरा आणि उरलेला निरुपयोगी कचरा ठरलेल्या वेळी महापालिकेच्या गाडीत टाकायचा, विकण्याजोगा सुका माल स्वतः ठेवायचा. उत्पन्न दोन ठिकाणांहून: घरटी मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री. यातली दुखरी जागा म्हणजे ही महापालिकेची गाडी, तिला फीडर गाडी म्हणतात. गाडी तासभर उशिरा आली की ओला कचरा रस्त्याच्या कडेला थांबतो, वास सुटतो, कुत्री जमतात आणि तक्रार मात्र ढकलगाडीवालीची होते. झोपडपट्टीत शुल्क वसूल होणं अवघड, म्हणून तिथलं काम नेहमीच तोट्याच्या काठावर राहिलं.

दारात एक प्रश्न बराच काळ कुणी उच्चारत नव्हतं: वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर. सुक्यात टाकले की हाताने माल वेगळा करणारीच्या हातात ते उघडे येतात. वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हा तोडगा इथूनच रुजला. न उघडता कळतं, एवढंच त्याचं काम. २०१६ च्या नियमांत गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर आणि वेष्टन पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली.

ओला कचरा शहरातच जिरवायचा, म्हणून पुण्याने प्रत्येकी पाच टन क्षमतेचे बायोगॅस प्रकल्प वेगवेगळ्या भागांत बसवले. कल्पना उत्तम होती, पण त्यातले बरेच अर्ध्या क्षमतेवर चालले किंवा बंदच पडले. कारणं तपासली तर पुन्हा वर्गीकरणाशी येतो. हॉटेलच्या कचऱ्यात चमचे, हाडं, करवंट्या, पिशव्या येतात आणि क्रशर अडतो. पाचकात, म्हणजे कचरा कुजून गॅस होतो त्या टाकीत, एकदम जास्त माल लोटला की आम्ल साचतं, पीएच साडेसहाच्या खाली उतरला की मिथेन करणारे जिवाणू मंदावतात, आणि गॅस पूर्ववत व्हायला आठवडे लागतात.

सोसायटीच्या खत खड्ड्यांचंही तसंच. पुण्यात खत प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना करात सवलत आहे, त्यामुळे खड्डे बांधले गेले. चालू किती राहिले, हे सुक्या पाल्यावर ठरतं. स्वयंपाकघरातला कचरा ओलाकच्च असतो. त्यात साधारण तेवढाच, आकारमानाने, वाळका पाला, भुसा किंवा कोकोपीट पडायला हवं. मूठभर माल दाबला तर बोटं ओलसर व्हावीत, पाणी गळू नये. सडका वास आला तर हवा कमी पडते आहे: पाला घाला आणि उलथा. नाकात झोंबणारा अमोनिया आला तर नत्र जास्त, तेव्हाही पालाच. ढीग नीट लागला तर आत ५५ अंशांच्या वर तापतो. माळीकाका उन्हाळ्यात पाला पोत्यांत भरून ठेवत नसतील, तर पावसाळ्यात खड्डा हमखास बिघडतो.

इकडे डेपोत वर्षानुवर्षं मिसळलेला माल साचत होता. ओला कचरा थराखाली दबला की हवेवाचून कुजतो, मिथेन धुमसतो आणि काळं पाणी जमिनीत झिरपतं. उरुळी-फुरसुंगीच्या विहिरी या पाण्याने गेल्या, गावांना टँकरवर राहावं लागलं. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ गाड्या अडवल्या. त्यांचा राग पूर्णपणे रास्त होता: कचरा एकाचा, विहीर दुसऱ्याची. त्याच वर्षी ही गावं महापालिकेत घेतली, पुढे वगळली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

जुन्या ढिगांवर आता बायोमायनिंग चालतं. ढीग पोखरून लांब ओळी लावायच्या, जिवाणूंचं द्रावण फवारून उलथत राहायचं, माल कोरडा झाला की फिरत्या चाळणीतून काढायचा. खाली बारीक माती पडते, वर दगड-विटा आणि प्लास्टिक-चिंध्या राहतात. मातीत काचेचे कण आणि जड धातू असू शकतात, म्हणून तपासणीशिवाय ती शेतात जाऊ नये. ती बहुधा भरावाला जाते. प्लास्टिक मातीने इतकं माखलेलं असतं की भंगारवाला ते घेत नाही. ते सिमेंट भट्टीत जळण म्हणून पाठवतात, आणि त्यासाठी वाहतुकीचा खर्च शहरालाच करावा लागतो.