सिम्युलेटरमधल्या लांब बोनेटच्या जीटी मोटारी : एक पार्श्वभूमी

'आयरेसिंग' किंवा 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने' या संगणकावरच्या मोटारशर्यतींच्या सिम्युलेटरमध्ये मर्सिडीज-एएमजी जीटी३ ही शर्यतीची मोटार चालवायला घेतली की दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. इंजिन पुढे आणि चालकाची बैठक बरीच मागे असल्यामुळे समोर लांबलचक बोनेट पसरलेले दिसते आणि वळणाच्या तोंडाशी ब्रेकवरचा पाय एकदम उचलला तर मोटारीचे नाक आत यायला कुरकुर करते. या स्वभावामागे जीटी ('ग्रँड टूरिंग', म्हणजे रस्त्यावरच्या वेगवान मोटारींवर बेतलेल्या मोटारींच्या) शर्यतींचा साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

फ्रान्समधली 'ले मान्स'ची २४ तासांची शर्यत पुढे इंजिन असलेल्या मोटारीने शेवटची जिंकली ती १९६२ मध्ये. ती फेरारी ३३० टीआरआय ऑलिव्हिए जांदबियाँ आणि फिल हिल यांनी चालवली होती. त्यानंतर एकूण विजेतेपद इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेल्या मोटारींकडेच गेले. जीटी गटाचा पाया मात्र रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मोटारींवर उभा होता आणि त्यांतल्या अनेकींचे इंजिन पुढेच असल्याने ही रचना या गटात टिकून राहिली. फेरारी २५० जीटीओ आणि १९६४ मध्ये 'ले मान्स'ला जीटी गट जिंकणारी शेल्बी कोब्रा डेटोना कूपे ही तिची सर्वांत ठळक उदाहरणे होत.

नव्वदच्या दशकात हा वारसा संपेल असे वाटण्याजोगी स्थिती होती, कारण १९९५ मध्ये मॅक्लॅरेन एफ१ जीटीआरने 'ले मान्स' जिंकले आणि पाठोपाठ पोर्शे ९११ जीटी१ आली. दोन्हींची इंजिने मधोमध होती. अशा वेळी अमेरिकी उद्योजक डॉन पॅनोझ यांनी १९९७ मध्ये फोर्डचे व्ही८ इंजिन पुढे असलेली एस्पेरांते जीटीआर-१ ट्रॅकवर उतरवली, ही मला त्या काळातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. प्रत्यक्ष यश पदरात पाडून घेतले ते आठ लिटरच्या व्ही१० इंजिनाच्या क्रायस्लर व्हायपर जीटीएस-आरने. तिने १९९८ ते २००० अशी सलग तीन वर्षे 'ले मान्स'मध्ये आपला गट जिंकला आणि २००० मध्ये अमेरिकेतली डेटोनाची २४ तासांची शर्यत एकूण क्रमवारीत जिंकली. पुढच्याच वर्षी डेटोनात कॉर्व्हेट सी५-आरने तोच पराक्रम केला.

कॉर्व्हेटने, आणि पुढे ॲस्टन मार्टिन डीबीआर९ने, अवलंबलेली रचना आजच्या एएमजी जीटी३मध्येही आहे. इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवायचे, गिअरबॉक्स मागच्या एक्सलपाशी बसवायचा आणि दोन्ही फिरत्या दांड्याने जोडायचे, म्हणजे वजन पुढे-मागे जवळजवळ समान विभागले जाते. तरीही पोर्शे ९११ सारखे इंजिनाचे वजन मागच्या चाकांवर नसल्यामुळे वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर हळूहळू द्यावा लागतो आणि आत शिरताना ब्रेक थोडा थोडा सोडत पुढच्या टायरवर भार टिकवून धरावा लागतो. त्याबदल्यात जोरदार ब्रेक लावतानाही मोटार स्थिर राहते, आणि पहाटे तीन वाजता थकलेल्या चालकाला याचे मोल फार असते.

शर्यतींचे आयोजक स्टेफान रातेल यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये जीटी३ गट सुरू झाला आणि 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स' या नियमाने वजन, इंजिनाची ताकद वगैरेंवर मर्यादा घालून वेगवेगळ्या रचनांच्या मोटारी एका पातळीवर आणल्या. या व्यवस्थेत लांब बोनेट अडचणीचे ठरेनासे झाले. २०१३ मध्ये मर्सिडीजच्या एसएलएस एएमजी जीटी३ने जर्मनीतले नुरबुर्गरिंग आणि बेल्जियममधले स्पा या दोन्ही ठिकाणच्या २४ तासांच्या शर्यती जिंकल्या. २०१६ मध्ये नुरबुर्गरिंगला पहिले चारही क्रमांक तिच्या वारसदार एएमजी जीटी३ने पटकावले. विशेष म्हणजे रस्त्यावरच्या एएमजी जीटीत चार लिटरचे टर्बो इंजिन असताना शर्यतीच्या मोटारीत मात्र टर्बो नसलेले जुने ६.२ लिटरचे व्ही८च ठेवले गेले.

सिम्युलेटरच्या बाजूने पाहिले तर स्वीडनच्या सिमबिन कंपनीच्या २००६ मधल्या 'जीटीआर २'ला मी निर्णायक मानतो. एफआयए (मोटारशर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना) जीटी मालिकेच्या २००३ आणि २००४ च्या हंगामांवर आधारलेल्या या खेळात फेरारी ५५०, व्हायपर, लिस्टर स्टॉर्म अशा पुढे इंजिन असलेल्या मोटारी होत्या, आणि दिवस-रात्र व पावसासह स्पाची २४ तासांची शर्यतही होती. नुसता एक वेगवान लॅप मारण्यापेक्षा तासन्‌तास टायर जपणे तिथे महत्त्वाचे ठरले. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'आयरेसिंग'ने लेझरने मोजलेले ट्रॅक आणले, त्यामुळे रस्त्यावरचे बारीक उंचवटेही स्टिअरिंगमधून हाताला जाणवू लागले. २०१९ मध्ये पूर्ण रूपात आलेल्या 'कॉम्पेटिझिओने'ने तर जीटी३ हाच आपला मुख्य विषय केला. टायरमधल्या हवेचा दाब आणि तापमान, तसेच इंधन संपत जाईल तसे हलके होणारे वजन हे सारे तिथे लॅपगणिक बदलत राहते.

२०२० मध्ये कोरोनामुळे 'ले मान्स' जूनमधून सप्टेंबरला गेली, तेव्हा जूनमध्ये 'आरफॅक्टर २' या सिम्युलेटरवर तिची २४ तासांची आभासी शर्यत झाली. तिच्या जीटीई या जीटी मोटारींच्या गटात ॲस्टन मार्टिन व्हँटेज आणि कॉर्व्हेट सी७.आर या पुढे इंजिन असलेल्या मोटारी होत्या. प्रत्यक्षातल्या कॉर्व्हेट संघाने मात्र त्याच वर्षी इंजिन मधोमध असलेली सी८.आर स्वीकारली होती. तरीही ही रचना मागे पडलेली नाही. २०२४ मध्ये जागतिक एंड्युरन्स (दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींच्या) स्पर्धेत जीटी३ मोटारींचा एलएमजीटी३ गट आला, त्यात व्हँटेज, बीएमडब्ल्यू एम४, लेक्सस आरसी एफ आणि फोर्ड मस्टँग या चारही मोटारींचे इंजिन पुढेच होते.